डबा उघडल्याशिवाय कळत नाही

कॉम्प्युटर जुना झाला की प्रोसेसर तरी म्हातारा होतो नाहीतर प्रोग्रॅम, अशी आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांची समजूत. फोर्डच्या १९८०-९०च्या दशकांतल्या एफ-१५० ट्रकांनी माझी ती पार मोडली.

अमेरिकेत १९७०चा क्लीन एअर ॲक्ट आला, धुराचे नियम कडक झाले, नुसत्या कार्ब्युरेटरला ते झेपेनात. मग इंजिनावर कॉम्प्युटर बसला. फोर्डची चौथी पिढी, ईईसी-४, १९८३च्या मॉडेलांपासून आली. आत इंटेलबरोबर बनवलेला ८०६१ प्रोसेसर. तो बहुतेकदा आजही ठणठणीत! दगा देतात ते शेजारचे चिल्लर किमतीचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. त्यांच्यातलं द्रावण पाझरून बोर्डावरचे तांब्याचे ट्रॅक खातं. ट्रक कधी चालू होतो, कधी नाही, आणि मेकॅनिक बिचारा सेन्सर बदलत बसतो.

बरं, दुसरा डबा जोडावा, तर बाहेरून सगळे सारखेच, साठ पिनांचा कनेक्टरही तोच. पण आतली कोष्टकं इंजिन आणि गिअरबॉक्सप्रमाणे वेगळी. त्यामुळे डब्यावरचा कोड जुळवूनच घ्यावा लागतो. शिवाय भंगारातून आणलेला डबाही त्याच वयाचा, म्हणजे त्याचेही कपॅसिटर पिकलेलेच! मी तरी आधी जुनाच उघडीन. ट्रॅक शाबूत असतील, तर सोल्डरिंगवर भागतं.