फ्लामेंको गिटारचे घराणे

गिटारच्या गोल छिद्रातून आत डोकावले, की तळाच्या लाकडावर चिकटवलेली एक कागदी चिठ्ठी दिसते. तिच्यावर कारागिराचे नाव, गाव आणि बहुधा वर्ष असते. इतिहासाच्या अभ्यासकाला ही चिठ्ठी म्हणजे छोटासा शिलालेखच. पण तीही सगळे सांगतेच असे नाही. माद्रिदमधील एका घराण्याच्या उदाहरणावरून आपण हे पाहू.

फ्लामेंको हे दक्षिण स्पेनमधील आंदालुसियाचे गाणे आणि नृत्य. टाचांचा कडकडाट आणि टाळ्या यांतून गिटार ऐकू यायला हवी. तिचा स्वर चटकन उठून चटकन विरावा, म्हणजे लयीचे आघात एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून तिची बांधणी हलकी असते. पाठ आणि कडा सायप्रसच्या फिकट लाकडाच्या असतात. हे लाकूड स्पेनमध्येच मिळे व स्वस्त पडे. अभिजात गिटारीला वापरतात ते शिसवी लाकूड (आपल्या सह्याद्रीतही शिसवीची झाडे आहेत) त्याहून बरेच जड असते.

मग आवाजाचे सारे श्रेय सायप्रसचे का? नाही. एकटी तार फारच थोडी हवा हलवते. तिची कंपने घोडीतून पुढच्या पातळ फळीला मिळतात आणि ती फळी हवा हलवते. आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने १८६२ साली पाठ व कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या, फळी मात्र लाकडाचीच ठेवली. ही गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. फळी किती तासायची, हे कारागीर ती बोटांनी वाकवून आणि टिचकी मारून ठरवतो. असे ज्ञान कागदावर पुरते उतरत नाही. ते शेजारी बसूनच शिकावे लागते.

होसे रामिरेझ (१८५८–१९२३) यांनी माद्रिदमध्ये कारखाना काढला आणि धाकटा भाऊ मानुएल याला ही विद्या शिकवली. पुढे मानुएलने त्याच शहरात स्वतःचे दुकान थाटले व भावाभावांत वितुष्ट आले. मानुएलकडे सांतोस एर्नांदेझ आणि दोमिंगो एस्तेसो हे कारागीर काम करीत. १९१२ साली तरुण आंद्रेस सेगोव्हिया यांना मिळालेली प्रसिद्ध गिटार सांतोस यांनी घडवली असे मानतात, पण चिठ्ठीवर नाव मानुएलचे. १९१६ साली मानुएल वारले. त्यानंतर हेच कारागीर गिटारी घडवीत राहिले आणि चिठ्ठीवर छापले गेले, ‘मानुएल रामिरेझ यांची विधवा’. पुढे एस्तेसोंनी स्वतःचे दुकान काढले. १९३७ मध्ये ते वारल्यावर त्यांची पत्नी आणि कोंदे आडनावाचे भाचे यांनी ते चालवले. पाको दे लुसिआ यांच्या हातातील गिटारी याच कोंदे बंधूंच्या.

थोरल्या भावाच्या घरात मात्र विद्या बापाकडून मुलाकडे गेली. चौथ्या पिढीत, २००० साली भावाच्या निधनानंतर, अमालिया रामिरेझ यांनी कारखान्याची धुरा घेतली.

म्हणजे एक शाखा रक्ताची आणि दुसरी नोकर, विधवा, भाचे यांची. तरी घराणे एकच, कारण फळी तासणारे हात एकमेकांकडून शिकलेले. चिठ्ठी दुकानाचे नाव सांगते, हाताचे नाही. आपल्या गावातील सुतार किंवा वाद्यकार यांच्याकडे विद्यार्थ्यांना जरूर न्यावे आणि पाटीवरचे नाव लिहून घेण्याबरोबरच एक प्रश्न विचारायला सांगावे: ‘तुम्हाला हे कोणी शिकवले?’