अक्कलदाढेने शिकवलेली अक्कल

“एक्स-रे नॉर्मल आहे, दातही चांगले आहेत, मग जबडा का दुखतो? की हे सगळे माझ्या मनाचेच खेळ?” जबडेदुखी घेऊन येणारे बरेच रुग्ण हे विचारतात. तुम्हालाही हा प्रश्न पडला असेल, तर त्याच्या उत्तराकडे नेणारा एक प्रयोग १९७८ मध्ये झाला आहे, आणि तोही अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर. पण त्याआधीची गोष्ट थोडक्यात पाहू.

जखम जेवढी मोठी, तेवढं दुखणं जास्त, असं पूर्वी डॉक्टरही मानत. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकन भूलतज्ज्ञाने इटलीच्या आघाडीवर गंभीर जखमी सैनिकांना विचारलं, दुखणं थांबवायला औषध हवं का? सुमारे तीन चतुर्थांश सैनिकांनी ‘नको’ म्हटलं. जखम खरी होती, पण वेदना कोणीतरी अडवत होतं.

१९६५ मध्ये रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘फाटका’ची कल्पना मांडली. वेदनेचा संदेश मेंदूत पोचण्याआधी वाटेत एक फाटक असतं, ते कमी-जास्त उघडतं. गालाला काही लागलं की आपण नकळत तिथे चोळतो. स्पर्शाचे संदेश ते फाटक थोडं बंद करतात. चेहरा आणि जबड्याच्या बाबतीत हे काम मेंदूच्या देठात होतं, कारण तिथली वेदना ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून तिथेच पोचते.

हे फाटक मेंदू वरूनही बंद करू शकतो. १९६९ मध्ये डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूच्या एका भागाला विजेची सौम्य उत्तेजना देऊन भूल न देता शस्त्रक्रिया केली. १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये ह्यूजेस आणि कॉस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत मॉर्फिनसारखं काम करणारी रसायनं सापडली. म्हणजे शरीराकडे स्वतःचं वेदनाशामक होतं!

आता अक्कलदाढ. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी खालची अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांना वेगवेगळी इंजेक्शनं दिली. काहींच्या इंजेक्शनात औषधच नव्हतं, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळालं हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. वेदना मोजायला एक रेघ होती: एका टोकाला ‘अजिबात नाही’, दुसऱ्या टोकाला ‘असह्य’. रुग्णाने खूण करायची. प्लासिबोनेही काहींचं दुखणं कमी झालं. मग मॉर्फिनचा परिणाम रोखणारं नॅलोक्सोन दिल्यावर त्याच रुग्णांचं दुखणं पुन्हा वाढलं.

आराम निव्वळ कल्पना असता, तर नॅलोक्सोनने तो गेला नसता. पुढच्या संशोधनात या ब्रेकचे आणखीही मार्ग दिसले. पण ‘खोट्या गोळीने बरं वाटलं म्हणजे दुखणंही खोटं’ हा समज मात्र तिथेच मोडला.

१९७९ मध्ये पॅरिसमध्ये ल बार आणि सहकाऱ्यांनी उंदरांत दाखवलं की शरीरात दुसरीकडे दिलेली वेदना पहिल्या वेदनेचा संदेश दाबते. आज त्यावरून माणसांची चाचणी करतात. जबड्यावर ठराविक दाब देऊन वेदना मोजायची, मग हात बर्फाच्या पाण्यात ठेवून पुन्हा मोजायची. जितका फरक, तितका ब्रेक चांगला. जबड्याच्या सांध्याचं जुनं दुखणं असलेल्या काही रुग्णांत हा ब्रेक कमजोर आढळला आहे. सगळ्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र सारखे नाहीत, म्हणून ही चाचणी अजून रोजच्या तपासणीत आलेली नाही.

तेव्हा, एक्स-रेमध्ये हाड दिसतं, वेदना दिसत नाही. ती मोजण्याचं मुख्य साधन आजही तुमचं उत्तरच आहे. डॉक्टरांनी ‘० ते १० मध्ये किती?’ विचारलं, तर संकोच न करता खरा आकडा सांगा. आणि उलटंही लक्षात ठेवा: त्या सैनिकांप्रमाणेच, दुखत नाही म्हणजे इजा नाही असं नसतं. सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास असेल, तर दुखण्याची वाट न पाहता दाखवून घ्या.