प्राणवायू आणि पोकळी

सन २०२१ च्या एप्रिल महिन्यात प्राणवायूच्या नळकांड्यासाठी घरोघरची माणसे धावत असता, आमच्या उपनगरातील पवईच्या आय. आय. टी.त प्रा. मिलिंद अत्रे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधीच अदलाबदल करून पाहिली. हवेतून नत्रवायू वेगळा करणाऱ्या यंत्रातील सच्छिद्र कोळसा काढून त्यांनी तेथे झिओलाइट भरला, आणि ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा प्राणवायू मिळू लागला. कोळशाच्या छिद्रांत प्राणवायू लवकर शिरून अडकतो; झिओलाइटच्या पोकळ्यांतील धातूंचे आयन नत्रवायूला अधिक ओढतात. (दख्खनच्या काळ्या कातळातही झिओलाइट सापडतो, यंत्रातला मात्र कृत्रिम.)

पोकळीचा हा खेळ आपल्या रक्तात फार पूर्वीपासून चालू आहे. हीमोग्लोबिनमधील लोहाचा अणू हीम नावाच्या चपट्या कड्याच्या मध्यभागी बसलेला असतो. फुप्फुसात त्याने प्राणवायू धरावयाचा आणि शरीरात जागोजागी सोडावयाचा. अडचण आहे ती सोडण्यात! नुसते हीम पाण्यात ठेवले, तर दोन रेणू प्राणवायूला दोहोंकडून पकडतात आणि लोह गंजल्यागत निकामी होते. केंड्र्यू व पेरुट्झ यांनी क्ष-किरणांच्या साह्याने प्रथिनांची रचना उलगडली, त्याबद्दल त्यांना १९६२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीत दिसले की हीम प्रथिनाच्या घडीत, खोबणीत दडलेले असते. दुसऱ्या हीमने तेथे शिरावे कसे?

ही युक्ती माणसाला साधावी म्हणून झालेली खटपट आम्हांस मोठी रंजक वाटते. जपानात त्सुमाकी यांनी १९३८ मध्ये दाखविले की कोबाल्टचे एक संयुग प्राणवायू घेते आणि तापविल्यास परत देते. महायुद्धात अमेरिकेत कॅल्व्हिन यांनी त्याचा कसून अभ्यास केला. पण वारंवार वापरल्याने ते थकून जाई. लोह तर दादच देईना. अखेर १९७३ मध्ये स्टॅनफर्डच्या कॉलमन यांनी हीमसारख्या कड्याच्या एका बाजूस चार खांब उभे केले, जणू अंगणाचे कुंपणच. दुसऱ्या बाजूने लोहाला आधार दिला. कुंपणात प्राणवायू शिरला, साध्या तापमानालाही टिकला, आणि परत निघालाही! पुढे डॅरिल बुश यांनी वर कमान असलेली संयुगे घडविली. कमान लांबविली की पकड घट्ट होई, आखडली की सैल.

अशी संयुगेही वापरता वापरता हळूहळू बिघडतात. रुग्णालयांतील यंत्रांत म्हणूनच सामान्यतः झिओलाइट असतो, आणि पवईतही त्या एप्रिलमध्ये तोच कामास आला.