विलास घोगरे, निळं फडकं आणि आमचे काका

परवा आनंद पटवर्धनांची 'जय भीम कॉम्रेड' पुन्हा पाहिली. पहिल्यांदा पाहिली ती 2012 साली, लालबागच्या काकांबरोबर. काका गिरणी कामगार. तरुणपणी लाल बावट्याच्या कलापथकात कोरसला उभे राहायचे. अमर शेख आणि अण्णाभाऊ त्यांना देवासारखे (देव मानत नसले तरी!).

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सापडला. लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळीबार केला, 10 माणसं मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडच्या झोपडीत गळफास घेतला. पटवर्धन त्यांना आधीपासून ओळखत होते, कारण झोपड्या पाडण्यावरच्या 'हमारा शहर' (1985) मध्ये विलासचं गाणं आहे. मग 14 वर्षं शूटिंग, आणि 2011 साली तीन तासांच्या वरची फिल्म. काठमांडूच्या 'फिल्म साउथ एशिया'त ती सर्वोत्कृष्ट ठरली. मुंबईत मात्र ती जानेवारी 2012 मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत दाखवली गेली, म्हणजे ज्यांच्यावर आहे त्यांच्याच अंगणात. मला हे फार आवडलं.

इंग्रजी पेपरांनी भरभरून कौतुक केलं. विषय बहुतेक पोलीस, कोर्ट, जात आणि हो, लांबी. आंबेडकरी मंडळींमध्ये वेगळाच वाद होता. आमची गोष्ट सवर्ण दिग्दर्शकानं का सांगायची? आणि ती डाव्यांच्या चष्म्यातून का? प्रश्न रास्त आहे, नुसतं 'हेतू चांगला होता' म्हणून तो मिटत नाही. पण याच फिल्ममुळे कितीतरी शाहिरांचे आवाज टिकून राहिले, हेही खरं.

मी वाचलेल्या परीक्षणांत एक गोष्ट मात्र ओझरतीच आली. विलास मार्क्सवादी, 'आव्हान नाट्य मंचा'चे शाहीर. शेवटच्या काळात त्याच संघटनेनं त्यांना बाहेर काढलं होतं. आणि मरताना डोक्याला जे फडकं बांधलं ते लाल नव्हतं, निळं होतं. आंबेडकरी एकजुटीचा जयजयकार खडूनं लिहून ठेवला होता. गोळीबारानं माणूस हादरला हे सगळ्यांनी लिहिलं. त्याआधी तो एकटा कसा पडला, आणि त्यात आपल्याच माणसांचा हात किती, हे लिहिणं जड गेलं असावं.

जुने कॉम्रेड त्याबद्दल बोलायला लागले तेव्हा काका खुर्चीत पुढे सरकले. मध्यंतरात चहा प्यायले नाहीत. घरी येताना एकदम म्हणाले, "आमचा एक ढोलकीवाला होता. संपात घरात दाणा नव्हता त्याच्या. दुसऱ्या पार्टीच्या सभेत वाजवून पन्नास रुपये घेतले त्यानं. मीटिंग घेऊन आम्ही त्याला काढला."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी हात वर केला."

करी रोड स्टेशनपर्यंत दोघंही गप्प. जिना चढताना मात्र त्यांनी मला त्या ढोलकीवाल्याचा मुलगा हल्ली कुठे राहतो, ते शोधून काढायला सांगितलं.