इंग्रजांनी कान्होजी आंग्रेंना 'लुटारू' ठरवलं, एका मराठी लेफ्टनंट कर्नलने त्यांची बाजू जगाला सांगितली

नोव्हेंबर १७१२. कारवारहून मुंबईकडे निघालेल्या इंग्रजांच्या जहाजांवर मराठ्यांच्या आरमाराने झडप घातली. मुंबईच्या गव्हर्नरचं 'अल्जेरीन' हे सशस्त्र जहाज पकडलं गेलं. कारवार वखारीतला थॉमस चाऊन लढाईत मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कॅथरीन कैद झाली. पुढे ३०,००० रुपये मोजल्यावरच तिची सुटका झाली.

हे आरमार होतं कान्होजी आंग्रे यांचं. त्यांची कहाणी पुढे दोन लष्करी अधिकाऱ्यांनी लिहिली, पण दोघांची नजर वेगळी होती.

पहिला कर्नल

ब्रिटिश सैन्यातले कर्नल जॉन बिडल्फ यांचं पुस्तक १९०७ मध्ये आलं. नाव होतं 'द पायरेट्स ऑफ मलबार'. कॅथरीनची गोष्टही त्यात आहे. कान्होजी यात कोण, हे पुस्तकाच्या नावातच ठरलं होतं.

दुसरा कर्नल

मनोहर माळगावकर यांचा जन्म १९१३ चा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते सैन्यात होते आणि मराठा लाइट इन्फंट्रीतून लेफ्टनंट कर्नल म्हणून बाहेर पडले. त्याशिवाय शिकार, खाणी, निवडणूक असं सगळं करून झालेला हा माणूस लेखणीकडे वळला.

१९५९ मध्ये त्यांचं कान्होजींवरचं इंग्रजी चरित्र आलं. नंतर ते 'द सी हॉक' या नावाने निघालं. राफाएल सबातिनी यांची समुद्री चाच्यांवरची १९१५ ची गाजलेली कादंबरीही याच नावाची आहे. माळगावकरांचं पुस्तक मात्र कादंबरी नाही. तो खरा इतिहास आहे, फक्त साहसकथेच्या वेगाने सांगितलेला.

मग कान्होजी लुटारू होते का?

वादाचं मूळ होतं 'दस्तक', म्हणजे परवाना. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने पैसे भरून कान्होजींचा दस्तक घ्यायचा. दस्तक नसेल तर जहाज जप्त.

पोर्तुगीज १६ व्या शतकापासून हेच करत होते. त्यांच्या परवान्याला 'कार्ताझ' म्हणत. इंग्रजही स्वतःचे परवाने देत. मात्र कान्होजींनी तेच केलं, की ती लूट ठरायची. प्रत्यक्षात छत्रपती शाहूंनी त्यांना 'सरखेल', म्हणजे आरमारप्रमुख, म्हणून मान्यता दिली होती.

त्यांची युद्धपद्धतीही विचारपूर्वक आखलेली होती. गुराबा आणि गलबतं हलकी, उथळ पाण्यातही चालणारी. वारा पडला की इंग्रजांची मोठी जहाजं जागीच अडकत. वल्ह्यांवर चालणारी गलबतं तेव्हा मागच्या बाजूने चाल करत, कारण मोठ्या जहाजांच्या बहुतेक तोफा दोन्ही कुशींना असत.

१७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीजांनी मिळून कुलाबा किल्ल्यावर हल्ला केला. तोही फसला. १७२९ मध्ये कान्होजींचं निधन झालं, तोपर्यंत त्यांचं आरमार कोणालाही मोडता आलं नाही.

पुढे काय झालं?

माळगावकरांनी नंतर 'डिस्टंट ड्रम', 'द प्रिन्सेस', 'अ बेंड इन द गँजेस' अशा कादंबऱ्या लिहिल्या. २०१० मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जगलबेट इथे त्यांचं निधन झालं.

कान्होजींचं हे चरित्र मराठीतही वाचता येतं. 'कान्होजी आंग्रे' या नावाचा हा अनुवाद केलाय खुद्द पु. ल. देशपांडे यांनी. आणि ज्या मुंबईच्या गव्हर्नरचं जहाज कान्होजींनी पकडलं, त्याच मुंबईत आज भारतीय नौदलाचा तळ आहे, 'आयएनएस आंग्रे'.