शीत आणि उष्ण : स्त्रियांच्या नित्य सुगंधाचा विचार

अणदूर हे तुळजापूर तालुक्यातील गाव खंडोबाच्या स्थानामुळे सर्वपरिचित आहे. देव वर्षातील काही काळ नळदुर्गास व उरलेला काळ अणदुरास असतो. भंडाऱ्यामुळे या क्षेत्राचा गंध हळदीचा, हे सांगावयास नको. परंतु तो देवाचा गंध झाला. या मुलखातील स्त्रिया नित्याच्या व्यवहारात कोणता सुगंध वापरीत आल्या, हा प्रश्न वेगळा असून त्याचा विचार अद्याप पुरेसा झालेला नाही.

याच प्रदेशावर ज्यांची सत्ता होती, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. त्यातील उपभोगांच्या प्रकरणांत स्नान, विलेपन व धूप यांचे तपशीलवार वर्णन आहे. मात्र हे सर्व उपभोग राजाचे. त्यावरून सामान्य घरातील स्त्रीच्या प्रसाधनाविषयी थेट अनुमान काढणे धोक्याचे ठरेल. ग्रंथातून घ्यावयाचे ते तत्त्व. द्रव्ये आणि प्रमाणे नव्हेत.

ते तत्त्व शीतोष्णाचे होय, आणि ते मानसोल्लासाहून पुष्कळ जुने आहे. चरकसंहितेतील ऋतुचर्येत हेमंतात अगरूचा लेप सांगितला आहे व ग्रीष्मात चंदनाचा. वसंतात मात्र चंदन व अगरू ही दोन्ही एकत्र येतात. अगरू उष्ण, चंदन शीत. थंडी सरून उन्हाळा यावयाच्या संधिकाळात दोहोंचा मेळ घालावा, असा हा विचार दिसतो. अमरकोशातील ‘यक्षकर्दम’ हा लेपही कापूर, अगरू, कस्तूरी व कंकोळ यांचा आहे. त्यात एकटा कापूर शीत असून बाकीची द्रव्ये उष्ण मानली जातात.

कस्तूरी हिमालयाकडून व उत्तम कापूर समुद्रापलीकडून येई. ऋतूगणिक नवा लेप करणे राजालाच परवडणारे होते. सामान्य घरी वर्षभर पुरणारे एकच चूर्ण हवे. उटण्याची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वाळा, नागरमोथा व चंदन ही द्रव्ये शीत. कचोरा व हळद ही उष्ण. मोथा तर ओलसर रानात आपोआप उगवतो. राजाच्या घरी जो तोल ऋतूंच्या फेऱ्यात साधला जाई, तो येथे एकाच डब्यात साधला गेला, असे म्हणता येईल. उटण्याचा मुख्य मान दिवाळीच्या अभ्यंगाला, म्हणजे शरद सरत असता व हेमंत जवळ आला असता, मिळतो. चरकाच्या वसंतासारखाच हाही संधिकाळ आहे. हा गंध मंद असतो. अंगाशी जवळ आल्यावाचून तो कळत नाही. अत्तरदाणी व गुलाबदाणी समारंभाच्या. उटणे व केसांना लावावयाची सुगंधी द्रव्ये न्हाणीघरातली.

येथे एक आक्षेप संभवतो. घरगुती रूढीवर शास्त्राचा अर्थ मागाहून लादला जात आहे काय? शास्त्र आणि मराठी भाषा यांचा संबंध या बाबतीत दाखविता येतो. परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ व ‘गंधवाद’ या दोन ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले, आर. टी. व्यास यांनी संपादिलेले हे दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाले. यांपैकी गंधवादावर मराठी टीका आहे. सुगंधाचे शास्त्र मराठीतून समजावून घेणारा वर्ग होता, एवढे त्यावरून निश्चित होते. तो वर्ग स्त्रियांचा होता, असे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही.

म्हणून पुढील पुरावा पोथीखान्याबाहेर शोधावयास हवा. किती मूठ मोथा, किती चिमूट कचोरा, ही प्रमाणे सासूकडून सुनेकडे तोंडीच जात आली. तयार पुड्यांचा प्रघात पडल्यापासून ती सांगण्याची गरजच घरोघरी उरलेली नाही. अणदूर-नळदुर्ग परिसरातील वृद्ध स्त्रियांकडून ती पदार्थांच्या स्थानिक नावांसह टिपून घेतल्यास शास्त्र व रूढी यांची तुलना खऱ्या अर्थाने शक्य होईल. राजाच्या लेपाची नोंद नऊशे वर्षे टिकली. या चूर्णाची नोंद टिकवावयाची असेल, तर ती आजच लिहिली पाहिजे.