पॉवर बटण दाबल्यावर डिव्हाइस लगेच बंद का होत नाही?

पॉवर बटण म्हणजे घरातल्या ट्यूबलाइटचा स्विच, असं आपल्याला वाटतं. पण आजच्या फोन-लॅपटॉपमध्ये हे बटण साधं दाबल्यावर वीज तोडत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमला फक्त कळवतं की बटण दाबलं गेलंय. पुढे काय करायचं ते सिस्टीम ठरवते.

पूर्वी काय व्हायचं?

जुन्या डेस्कटॉपमध्ये बटण खरंच वीजपुरवठा तोडायचं. म्हणूनच विंडोज ९५ आधी सगळं आवरून घ्यायचं आणि मग ‘आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा मेसेज दाखवायचं. १९९६ मध्ये एसीपीआय हे स्टँडर्ड आलं आणि बटणाचा सिग्नल सिस्टीमकडे जाऊ लागला.

थेट वीज गेली तर काय बिघडतं?

तुम्ही ‘सेव्ह’ दाबलं तरी डेटा काही क्षण रॅममध्येच असू शकतो. सिस्टीम तो थोड्या वेळाने स्टोरेजवर लिहिते. नेमकी तेव्हाच वीज गेली, तर फाइल अर्धवट राहू शकते. आजच्या बऱ्याच फाइल सिस्टीम कामाची नोंद ठेवतात, त्यामुळे स्टोरेजची रचना सहसा वाचते. पण सेव्ह न केलेलं तुमचं प्रोजेक्ट त्यातून परत मिळत नाही.

चांगल्या सिस्टीमने काय करावं?

१. हेतू ओळखावा. खिशात चुकून बटण दाबलं जाऊ शकतं. म्हणून अँड्रॉइडवर एकदा दाबल्यावर फक्त स्क्रीन बंद होते. अनेक नव्या फोनमध्ये बटण धरून ठेवलं तर असिस्टंट उघडतो. बंद करण्याच्या मेनूसाठी पॉवर आणि व्हॉल्यूम अप एकत्र दाबावं लागतं.

२. ॲप्सना वेळ द्यावा, पण मर्यादित. सिस्टीमडी वापरणारं लिनक्स आधी प्रोग्रामला ‘आवरा’ असा सिग्नल देतं, साधारणपणे ९० सेकंद थांबतं आणि मग जबरदस्तीने बंद करतं. ही मर्यादा नसती, तर एका अडकलेल्या ॲपने अख्खा लॅपटॉप अडवून ठेवला असता.

३. कोण अडवतंय ते सांगावं. विंडोज अशा ॲपचं नाव दाखवतं आणि तरीही बंद करायचं का, हे तुम्हाला विचारतं. सेव्ह करायचं राहिलं असेल तर तिथेच लक्षात येतं.

४. वीज शेवटी तोडावी. आधी उरलेला डेटा लिहायचा, मग स्टोरेज नीट मोकळं करायचं आणि त्यानंतरच पॉवर ऑफ.

सिस्टीमच हँग झाली तर?

मग विनंती ऐकणार कोण? म्हणून शेवटचा शब्द हार्डवेअरचा ठेवलाय. एसीपीआयनुसार बटण ४ सेकंदांपेक्षा जास्त धरलं, की सिस्टीमला न विचारता मशीन बंद होऊ शकतं. काही लॅपटॉपवर याहून जास्त वेळ धरावं लागतं. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये व्हॉल्यूम डाउन आणि साइड बटण ७ सेकंदांहून जास्त धरलं की फोन रीस्टार्ट होतो.

लक्षात ठेवा

‘शटिंग डाउन’ दिसत असेल तर घाई करू नका, दोन-तीन मिनिटं द्या. अपडेट चालू असताना बटण धरून ठेवणं टाळाच; तेव्हा सिस्टीमच्याच फाइल बदलत असतात आणि मशीन पुन्हा सुरूच न होण्याचा धोका असतो. बटण धरून बंद करणं हा शेवटचा उपाय. स्क्रीन गोठली, टच किंवा कीबोर्ड काहीच चालेना, तेव्हाच तो वापरा.